कॅमेरा खरेदी, फाइल क्रमांक एक

८ जून, रविवार

आजपासून रोजनिशी. डायरी एका सप्लायरने दिलेली, दोन सालांपूर्वीची, कोरी. वार जुळत नाहीत, ते खोडून वर लिहीन. वस्तू वाया घालवायची नाही.

कारण नोंदवतो. परवा मालूला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. काचबिंदू निघाला. थेंब लिहून दिले. म्हणाले, हा सीझन काय तो करा, पुढे बारीक काम बंद.

मालू म्हणजे माझी बायको. हमरापूरला जगनच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. बाकी रंग बरेच जण मारतात. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते मालूच. चोवीस वर्षे.

येताना एस्टी. रामवाडीला उतरताना म्हणाली, अवो, यंदा मी काढलेल्या डोळ्यांचे चार-पाच फोटू काढून ठेवा, जवळून. चोवीस वर्षं केलं ते सगळं पाण्यात गेलं, माझ्याकडं एक पण नाय.

मुद्दा बरोबर आहे. वर्षाला सहाशे मूर्ती धरल्या तरी चौदा हजारांवर जातात. सगळ्या विसर्जन. रेकॉर्ड शून्य. मी सांगितले, चार-पाच कशाला, पूर्ण डॉक्युमेंटेशन करू. ती हो म्हणाली.

वाईट वगैरे काही वाटले नाही. काम समोर असले की मला तसे वाटत नाही. रोह्याच्या कंपनीत सव्वीस वर्षे परचेसला काढली. व्हीआरएस घेऊन चौदा महिने झाले. रोज साडेसहाला जाग येते आणि मग दिवसभर काही नसते. आज काहीतरी आहे.

निर्णय: कॅमेरा घेणे. मुदत: आठ दिवस. फार झाले.

९ जून, सोमवार

मोबाइलचा प्रश्नच नाही. मोबाइलचा फोटो म्हणजे कच्ची पावती. दोन पर्याय उरतात. अ: कॉम्पॅक्ट कॅमेरा. ब: जुना, शिकाऊंसाठीचा डीएसएलआर, सेकंडहँड.

दिवसभर इंटरनेटवर वाचले. जेवण साडेतीनला. मालू कारखान्यातून आली तेव्हा वाचतच होतो.

१२ जून, गुरुवार

तुलना तक्ता तयार. शंभर गुणांचा. कॉम्पॅक्ट खिशात मावतो, झूम भरपूर, पण सेन्सर नखाएवढा. डीएसएलआरचा सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते, पण वजन पाऊण किलो आणि वय दहा-अकरा वर्षे.

अ ला ७१. ब ला ७१.

वजनाचे आणि वयाचे गुण बदलून पाहिले. अ ६८, ब ६८. कंपनीत असे झाले की दोन्ही पार्ट्यांना परत बोलवायचो, त्यात महिना जायचा आणि कोणी विचारायचे नाही.

मालूने विचारले काय लिहिताय. म्हटले, तुझेच काम चालले आहे. चहा गार होतोय म्हणाली.

१५ जून, रविवार

जिते. मालूचा भाऊ गोविंदा तिथे असतो. कुवेतला सहा वर्षे होता, येताना एक कॉम्पॅक्ट आणलेला. डबा तसाच, सील न फोडलेला. धूळ झटकून माझ्या हातात दिला. म्हणाला, भावोजी घेऊन जा, तायला फोटू पायजेत ना, मग झालं.

मी त्याला सांगितले, एकच वस्तू बघून घ्यायची आमची पद्धत नाही. सॅम्पल म्हणून नेतो. कागदावर तसे लिहून त्याची सही घेतली. सही करताना हसत होता. म्हणाला, उघडून तरी बगा. म्हटले, दुसरे सॅम्पल आल्याशिवाय नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच उजेडात, एकाच मूर्तीवर. नाहीतर जे आधी पाहिले त्याच्याकडे मन झुकते.

त्याने जेवायला थांबवले. जवळा होता.

सॅम्पल अ सीलबंद, कपाटात मालूच्या साड्यांखाली.

२० जून, शुक्रवार

पाऊस. काही नाही.

२२ जून, रविवार

ऋतुजाचा, म्हणजे मुलीचा, नाशिकहून फोन. तिला बँकेत नोकरी, त्यामुळे सगळे पटकन व्हावे असे वाटते. म्हणाली, बाबा, तुमच्या फोनचा कॅमेरा चांगला आहे, उद्या हमरापूरला जा आणि काढून या. तिला समजावले की जवळून काढताना मोबाइलमध्ये मूर्तीचे नाक फुगते आणि डोळे मागे जातात. बराच वेळ समजावले. मग ती आईला द्या म्हणाली.

दोघी वीस मिनिटे बोलत होत्या. मी शटर काउंटबद्दल वाचत होतो. कॅमेऱ्याने आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा. जुन्या कॅमेऱ्यात हेच मुख्य.

नवी मुदत: ३० जून.

२९ जून, रविवार

साइट व्हिजिट. सीझनला कारखान्यात रविवार नसतो. मी तिथे तीन-चार वर्षांनी गेलो असेन.

मालू बुटक्या स्टुलावर. समोर फिरत्या पाटावर मूर्ती. ब्रशला मोजून सात-आठ केस. रेघ ओढताना श्वास धरते, संपली की सोडते. शेजारी जगनची सून पूजा बसते. बत्तीस-तेहतीसची असेल. यंदा आखणी शिकते आहे, जगननेच बसवले. पुढच्या वर्षी कोणीतरी हवे.

उजेडाची नोंद घेतली. दोन ट्यूबलाइट, एक खिडकी, खिडकीवर ताडपत्री. उजेड असमाधानकारक.

पूजाने मला मोबाइल दाखवला. म्हणाली, काका, मी काकींचे दोन काढले, बगा ना, हात पण आलाय. पाहिले. मालूचा हात, ब्रश, अर्धा काढलेला डोळा. रंग पिवळट आणि कडेला फिकट. मी तिला नीट सांगितले की चुकीचे रेकॉर्ड असण्यापेक्षा नसलेले बरे, उद्या हेच फिरत राहतात. डिलीट करायला लावले. डिलीट केलेले जिथे जाऊन पडतात तिथूनही. होईपर्यंत उभा राहिलो.

मालूने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. दर्जा सुरुवातीपासून राखावा लागतो.

६ जुलै, रविवार

रोहा. प्रविण नावाचा माणूस, पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा, आता नाक्यावर मोबाइलच्या कव्हरांचे दुकान. त्याच्याकडे डीएसएलआर आहे. सकाळच्या गाडीने गेलो. दुकान बंद. शेजारचा म्हणाला, मुरूडला गेलाय. फोन करून जायला हवे होते हे खरे, पण अचानक गेले की माल खरा दिसतो.

दोन तास स्टेशनवर बसलो. कंपनीच्या दोन बस गेल्या. कोणी ओळखीचे नव्हते, किंवा असतील. संध्याकाळी परत.

१३ जुलै, रविवार

पुन्हा रोहा. प्रविण भेटला. कॅमेरा पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. मी चाळीस प्रश्नांचा कागद नेला होता. अकराव्यावर अडकलो. शटर काउंट. म्हणाला, साहेब, मी लग्नं मोजली नायत, शटर काय मोजणार.

असा माणूस धंद्यात कसा टिकतो कळत नाही.

त्याने विचारले कशाला पायजे. सांगितले. तो जरा वेळ कॅमेरा पुसत राहिला. मग म्हणाला, आजच घेऊन जा साहेब. काम झालं की आणून द्या, पैशाचं मग बगू, बाईंचं काम थांबायला नको. मी म्हटले, तसे नाही चालत. आधी काउंट काढून द्या, मग बोलू. माझ्याशी सहानुभूतीने वागून कोणाला ऑर्डर मिळाली नाही आजवर.

मोकळ्या हाताने परत. पण तत्त्व राहिले.

१९ जुलै, शनिवार

मालू म्हणाली, आज दोन टेम्पो भरून गेले मुंबईला. म्हटले, अजून किती आहेत. साडेतीनशे असतील म्हणाली. भरपूर आहेत. मला फार तर पन्नास लागतील.

२४ जुलै, गुरुवार

मालूने जेवताना सांगितले की एका रेघेला दोनदा हात घ्यावा लागतो. मान वळवून बघितलं की जमतं, मग मान दुखते. आणि पूजा बसते शेजारी, ती सांगते कुठं सुटलं.

टेबल लॅम्प घ्यावा असे सुचले. एलईडी की साधा, त्याचा वेगळा तक्ता करावा लागेल. कॅमेरा झाला की ते.

तिने भात अर्धा टाकला. पावसात भूक कमी होते.

३० जुलै, बुधवार

प्रविणचा फोन. कोणाकडून तरी काउंट काढून घेतला. अडुसष्ट हजार. इंटरनेटप्रमाणे एक लाखापर्यंत चालतो. समाधानकारक. रीतसर मंजुरी दिली. फाइलवर सही केली, तारीख टाकली. बऱ्याच दिवसांनी सही केली. हात तसाच चालतो.

शनिवारी, नऊ तारखेला आणायचा. मधले दहा दिवस नियम वाचण्यासाठी.

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा

सॅम्पल ब ताब्यात. प्रविणने पिशवी, चार्जर, एक लेन्स दिली. दुकानातून निघताना म्हणाला, दमट हवेत ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. मी म्हटले, मला माहीत आहे.

तीनला घरी. मालू आज दुपारीच आली होती. नारळ खवत बसली होती. गोविंदा राखीला आलेला. म्हणाला, भावोजी, काढले का फोटू. मी त्याला कपाटातला त्याचा डबा दाखवला, सील जसेच्या तसे. त्याने मालूकडे पाहिले. मग नारळीभात खाऊन गेला.

तो गेल्यावर मालू म्हणाली, आज आपल्या घरच्या गणपतीचे डोळे काढले, आता बास. मी म्हटले, बरोबर आहे, रोज एवढेच करत जा, ताण नको. ती काही तरी आणखी बोलणार होती असे वाटले. मी मेमरी कार्डाचे क्लास वाचत होतो. चार, सहा, दहा. दहा घ्यावे.

मालू ओट्यावर बसून राहिली. बरे वाटले. विश्रांती घेते आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

हवा फार दमट. कपाटाच्या भिंतीला ओल. सॅम्पल ब तांदळाच्या पिंपात ठेवला. तांदूळ ओल शोषतो, हे शास्त्रीय आहे. पिशवीसकट ठेवणार होतो, पण मग पिशवीच शोषत बसली असती.

१३ ऑगस्ट, बुधवार

मालूला भात शिजवताना लेन्सचे झाकण सापडले. ताटलीत काढून माझ्यासमोर ठेवले.

कॅमेरा बाहेर काढला. झूमची रिंग फिरवली की कर्र वाजते. कोंडा गेला असावा. प्रविणला फोन केला. तो म्हणाला, फिरवू नका. मी तोवर फिरवली होती. आता पस्तीसच्या आकड्यावर अडकली आहे.

अभ्यास केला. पूर्वीच्या मोठमोठ्या फोटोग्राफरांकडे झूम नव्हताच. ते पुढे-मागे चालायचे. हा एका अर्थी फायदाच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

संयुक्त चाचणी. ठरल्याप्रमाणे दोन्ही सॅम्पल एकाच दिवशी. शेजारच्या झेंडावंदनाच्या लाउडस्पीकरमुळे जरा त्रास झाला.

सॅम्पल अ चे सील मालूच्या कात्रीने कापले. आत बॅटरी फुगलेली. चार्जरची पिन चौकोनी, तीन दात, आपल्या बोर्डात बसत नाही. चालू झाला नाही. तांत्रिकदृष्ट्या बाद.

म्हणजे सॅम्पल ब विजयी. दोन महिने आणि एक आठवडा, पण निर्णय निःपक्षपाती झाला. गोविंदाला फोन करून कळवले की त्याचा माल नाकारला आहे. बरं म्हणाला.

१८ ऑगस्ट, सोमवार

मालू हल्ली सकाळी दोन तास कारखान्यात जाते, पूजाजवळ बसते आणि परत येते. सीझन संपत आला की काम हलके होते.

आज खोलीतून बाहेर येताना चौकटीला आपटली. खांदा. चौकट जुनी आहे, अरुंद आहे. सुताराला विचारावे.

मी मॅन्युअलचे पान ९२ वर.

२३ ऑगस्ट, शनिवार

झाले.

सकाळी नऊला हमरापूर. मालू आली नाही, घरी गणपतीची साफसफाई. मीच म्हटले होते येऊ नको, कलाकार समोर असला की फोटोग्राफर दबतो. ती म्हणाली, मी कशाला येऊ. पटले तिला.

जगनकडे बेचाळीस मूर्ती उरल्या होत्या, बहुतेक आसपासच्या गावांतल्या बुकिंगच्या. सगळ्या काढल्या. प्रत्येकीचे डोळे, उजवा, डावा, दोन्ही, बरेच दोनदा. एकूण २१४. झूम अडकल्यामुळे पुढे-मागे चालावे लागले. एकदा पाय रंगाच्या डब्यात गेला. जगन म्हणाला, हरेशभाऊ, सावकाश.

पूजाने फार मदत केली. प्रत्येक मूर्ती खिडकीकडे फिरवून दिली. मधेच म्हणाली, काका, एवढे कशाला काढता, लाज वाटते. मी सांगितले, लाजायचे काय त्यात, ही कला आहे, पुढच्या माणसाला बघायला मिळाली पाहिजे. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पदराने पुसले. कामाची कदर असलेली बाई आहे. जूनमध्ये जरा कडक बोललो होतो तिला.

फोटो स्वच्छ आले आहेत. पापणीची रेघ, बुबुळातला पांढरा ठिपका, सगळे. एका मूर्तीसमोर जास्त वेळ थांबलो. वाटले माझ्याकडेच बघते आहे. जगातला इतका माल मी तपासून घेतला, पण असे कधी वाटले नव्हते. मालूच्या हातात काय आहे ते आज कळले. लग्नाच्या एकतीस वर्षांनी. घरी जाऊन तिला हे सांगावे असे ठरवले होते, पण ती भांडी घासत होती.

अल्बम तयार झाला की सांगेन. एकदम.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

घरचा गणपती बसला. एक फुटाचा, दरवर्षीप्रमाणे. मालूने चौरंगावर ठेवला आणि समोर बसून राहिली. मोदकांची उकड गार होईपर्यंत. मग म्हणाली, कॅमेरा नाय काढलात? मी सांगितले, बॅटरी चार्जिंगला आहे, आणि काम तेवीस तारखेला क्लोज झाले. नंतर एकेक नोंद घुसवली की फाइल बिघडते. ती उकड मळायला गेली.

आरतीला शेजारचे आले होते. मोदक एकवीस. दोन फुटले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचा. संध्याकाळी भोगावतीवर विसर्जन. पायऱ्या ओल्या. मालूने माझा दंड घट्ट धरला होता, उतरताना आणि चढतानाही. पूर्वी कधी धरत नसे. गर्दी फार होती.

मी पाट रिकामा घेऊन आलो.

३१ ऑगस्ट, रविवार

अल्बम चकचकीत की मॅट. पनवेलच्या लॅबवाल्याने दोन्ही नमुने दिले. तक्ता करतो. चकचकीतवर बोटांचे ठसे उठतात, मॅटवर रंग किंचित मरतो.

३ सप्टेंबर, बुधवार

मॅट.

९ सप्टेंबर, मंगळवार

अल्बम आला. कव्हरवर नाव छापून घेतले: मालती हरेश यांची आखणी. आत प्रत्येक पानावर चार. निवडक ऐंशी.

दुपारी तिच्या हातात दिला. तिने हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि दारात उजेडाला जाऊन बसली. पहिल्या पानापासून. एकही पान सोडले नाही. मान जरा इकडून तिकडे फिरवत बघत होती. मी समोरच्या खुर्चीत बसून वाट बघत होतो. काय म्हणायचे ते तयार होते माझ्याकडे, तेवीस तारखेपासूनचे.

शेवटचे पान झाल्यावर म्हणाली, पूजाचा हात बसला.

मी म्हटले, कसला. म्हणाली, वरच्या पापणीला अजून घाई करते, पण बसला. मी विचारले, मग यात तुझे कोणते. ती म्हणाली, माझे कुठं असतील यात? मी राखीपौर्णिमेला ब्रश ठेवला ना. तुमाला सांगितलं व्हतं. माझे आधीच टेम्पोनं गेले, नंतरचे सगळे तिचेच हायत.

फॅन चालू होता. कव्हरवरचे नाव दिसत होते, ते मी हाताने झाकले, मग हात काढला.

विचारले, एकही नाही? म्हणाली, घरचा तेवढा माझा व्हता. शेवटचा. त्याचा काढाल असं वाटलं व्हतं.

रागाने म्हणाली नाही. ओरडली असती तर मला काही उत्तर देता आले असते. मग अल्बम मिटला, कव्हर पदराने पुसले आणि म्हणाली, पूजाला द्या, तिचं पयलं साल हाय. कोण करतं एवढं कोणाचं.

मला लाज वाटली. शब्द लिहून पाहिला. बरोबर आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

हमरापूर. जगनला म्हटले, मालूच्या हातचे काही उरले आहे का, खंडित असले तरी चालेल. तो म्हणाला, खंडित ठेवत नाय हो आपण. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने उगाच सगळ्या फळ्या पाहिल्या. साचे आहेत. साच्याला डोळे नसतात.

मुंबईच्या व्यापाऱ्याला त्याने माझ्यासमोर फोन लावला. त्याच्याकडे फोटो आहेत, लांबून काढलेले, मंडपातले. हार, लाइटिंग, पुढारी. डोळे दिसत नाहीत.

मिनिडोर रिक्षाला शेवटची सीट मिळाली. बाहेर लटकतच आलो.

११ सप्टेंबर, गुरुवार

काही नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

मालूला सकाळी वही आणि स्केचपेन आणून दिले. म्हटले, कागदावर काढ एक, मी जपून ठेवतो. मोबाइलने काढतो फोटो, आत्ता. तिने पेन हातात घेतले, दोन-तीनदा कागदावर नेले. मग खाली ठेवले. म्हणाली, कागद सपाट असतो, मला त्याच्यावर नाय येत. आणि आता नको वाटतं.

मी पेनाचे टोपण लावून टाकले.

१४ सप्टेंबर, रविवार

पूजा आणि तिची सासू आल्या होत्या. अल्बम दिला. कव्हरवरच्या नावावर मी कागद चिकटवला होता, पूजाने तो नखाने सोडवला आणि वाचला. म्हणाली, काकींचं नाव असू दे, त्यांनीच शिकवलं. वाकून नमस्कार केला, आधी मालूला, मग मला. मी मागे सरकलो, पण तेवढ्यात करून झाला होता.

त्या गेल्यावर ओट्यावर बसलो. मालू वाल सोलत होती, मी तिच्या शेजारी. मी विचारले, तुला नक्की काय दिसते. जूनपासून हे विचारले नव्हते. सेन्सर, शटर, कार्ड, सगळे वाचले. काचबिंदू एकदाही टाइप केला नाही.

ती म्हणाली, समोरचं दिसतं चांगलं. बाजूचं नाय दिसत.

म्हटले, म्हणजे आत्ता मी दिसत नाही? म्हणाली, नाय. पण तुमी बसलाव ते कळतं.

मी उठलो आणि तिच्या समोर जाऊन बसलो. तिने दोन-चार वाल सोलले. मग म्हणाली, उजेड अडला, जरा सरका.

सरकलो.